तीन लाल बटणं

"डोळे मिटा, आण्णा."

"मिटलेत की रं."

"डावा उघडा हाय. दिसतोय मला."

रवळू सुतारांनी डावा डोळाही मिटला. त्यांच्यापुढे, नव्या पत्र्याच्या शेडमध्ये, गोल पात्याचं जुनं कटर मशीन उभं होतं. अजून त्याला कुठलीच तार जोडलेली नव्हती. भीमरत्नने त्यांना मशीनपुढे नेहमीसारखं उभं केलं, हातात सागाची फळी दिली आणि खिशातून खडू काढला.

"आता असं समजा, फळी पात्यात अडकली. मशीन वराडायलंय. बंद करायचंय. इचार करू नगा. हात जाईल तिथं जाऊ दे."

रवळूआण्णांचा उजवा हात सुटला आणि शेजारच्या भिंतीवर आपटला. भीमरत्नने तिथे फुली मारली.

ही त्याची स्वतःची पद्धत होती. निपाणीत चौतीस वर्षं वायरिंग करून त्याने ती बसवली होती. बटण कुठे लावायचं हे बाकीचे वायरमन टेपने मोजून ठरवत. भीमरत्न ते माणसाच्या हाताला विचारायचा. घाबरलेला हात ज्या जागी जातो ती बटणाची जागा, असं त्याचं म्हणणं. एक फुली झाली की पडताळ्याला दुसरी, मग तिसरी. फुल्या एकमेकींवरच पडतात, फार तर बोटभर इकडेतिकडे. पिठाच्या गिरण्या, मिरची कुटायचे डंक, उसाच्या रसाचे चरक, सगळीकडे त्याने अशीच बटणं लावली होती आणि त्याच्या एकाही गिऱ्हाइकाचं बोट गेलं नव्हतं. ह्याचा त्याला थोडा तोरा होता, आणि तो तोरा त्याला शोभायचा.

"परत, आण्णा."

दुसरी फुली पहिलीच्या वर वीतभर पडली.

"परत एकदा."

तिसऱ्या वेळी हात खाली गेला, पार गुडघ्याजवळ. जाताना वाटेत तो दोनदा अडखळला आणि भिंतीला टेकल्यावरही थांबायला तयार नव्हता. बोटं भिंतीवर टकटक वाजत राहिली.

भीमरत्न खडू धरून त्या तीन फुल्यांकडे बघत राहिला. रवळूआण्णांनी डोळे उघडले आणि त्यांनीही बघितलं. मग म्हातारा हसला.

"तिन्ही ठिकाणी लाव की. तुझं काय जातंय?"

भीमरत्नही हसला. दुसरं काय करणार?

रवळू सुतार अकोळचे. वय अडुसष्ट. निपाणीतल्या एका फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी एक्केचाळीस वर्षं काढली. अमावस्या आणि खंडेनवमी ह्या दोन सुट्ट्या सोडल्या तर त्यांना घरी बसलेलं कुणी बघितलं नव्हतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशीही ते कामावर गेले होते, असं त्यांची बायको शालूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. ह्या उन्हाळ्यात मालकाच्या मुलांनी वर्कशॉप बंद केलं. तयार सोफे-कपाटांचं दुकान टाकायचं ठरलं, तेव्हा जुनी मशीनं अडचणीची झाली. "आण्णा, न्या तुम्हीच," असं ती मुलं म्हणाली, आणि शेजारच्या भरमूच्या ट्रॅक्टरमधून कटर, रंध्याचं मशीन आणि एक लहान लेथ अशी तिन्ही मशीनं अकोळला आली. घराच्या मागं गोठा होता. तो पाडून तिथे शेड झाली. जन्मभर दुसऱ्याच्या छपराखाली लाकूड कापलेल्या माणसाचं हे पहिलं स्वतःचं छप्पर होतं. आता एवढंच राहिलं होतं, की आपल्या शेडमध्ये, आपल्या हाताने, आपलं मशीन सुरू करायचं.

त्यासाठी त्यांनी भीमरत्नला निरोप धाडला होता. दुसरा वायरमन त्यांना चाललाच नसता.

फुल्या मारून झाल्यावर दोघं प्लायवूडच्या एका तुकड्यावर नकाशा काढायला बसले. रवळूआण्णांनी कानावरची पेन्सिल काढली. ह्या माणसाने पट्टीशिवाय मारलेल्या रेघेवर निपाणीतले चार सुतार पट्टी ठेवून बघायचे आणि गप्प बसायचे. आज रेघ सुरू झाली आणि भिंतीला पोचेपर्यंत ओल्या वाटेवरच्या सायकलीसारखी डुगडुगली. त्यांनी पेन्सिल भीमरत्नकडे सरकवली.

"तूच काढ. मला चष्मा न्हाय."

चष्मा नाकावर होता.

"किती मशीनं एकदम चालणार?" भीमरत्नने विचारलं.

"एकदम कशी चालतील? माणूस एकच हाय न्हवं मी? कटर बंद केल्याबिगर रंध्याकडं जाणार कसा?"

"मग लोड कमी धरतो. दोन एचपीचं कटर, तेवढा हिशेब बास. पर लाइटीची लाइन येगळी आणि मशीनची येगळी ठेवूया."

"ती कशापायी?"

"मशीननं दम टाकला आणि फ्यूज गेला, तर लाइटबी जाती. पातं लगेच थांबत न्हाय, आण्णा. अंधारात फिरतंय पातं आणि तुमचा हात पुढं. म्हणून लाइट जाता कामा नये."

रवळूआण्णांनी मान डोलावली. मग बराच वेळ त्यांचं आणि भीमरत्नचं चाललं. कटरवर साधी ट्यूब लावायची नाही, कारण जुन्या ट्यूबच्या उजेडात फिरतं पातं कधी कधी थांबल्यासारखं दिसतं. तार जमिनीवरून न्यायची नाही, पाइप जमिनीखालून घ्यायचा. सगळे डबे पत्र्याचे, झाकणाचे, कारण भुसा आत शिरला की ठिणगीला निमित्तच मिळतं. रवळूआण्णा एकेक गोष्ट ऐकायचे आणि त्यात आपली एक भर घालायचे. दोघांनाही मजा येत होती. बाहेर शालूबाई चहा घेऊन दोनदा आली आणि दोन्ही वेळा दारात थोडी थांबून परत गेली, कारण आपल्या नवऱ्याला इतकं बोलताना तिने बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

"डबे पत्र्याचे तर पत्र्याचे," शेवटी रवळूआण्णा म्हणाले. "पर लाइटीचा बोर्ड मी करणार. सागवानी. पैल्यासारखा."

पहिल्यासारखा म्हणजे लाकडी पट्टीवरच्या वायरिंगच्या काळातला. त्या काळी वायरमनचं काम सुताराशिवाय अडायचं. पट्ट्या त्याच्या, बोर्ड त्याचे, बल्बच्या होल्डरखालचे गोल ठोकळे त्याचे. भीमरत्न बेळगावच्या आयटीआयमधून नुकताच बाहेर पडला होता, तेव्हा निपाणीतल्या एका मोठ्या घरात त्याला पहिलं काम मिळालं, तेही रवळूआण्णांनी शब्द टाकला म्हणून. सगळं घर झालं. देवघरात लाइट लावायची वेळ आली तेव्हा मालकीणबाई दारात आडवी आली. ह्या पोराला आत सोडायचं नाही, दुसरा कुणी बघा, म्हणाली. भीमरत्नला त्यात नवीन काही नव्हतं, तो खाली मान घालून पिशवी भरायला लागला. रवळूआण्णांनी रंधा, पटाशी, हातोडी गोणपाटात गुंडाळली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. देवघराचं नक्षीचं दार अजून बसायचं होतं. मूर्ती दुसऱ्या दिवशी येणार होती. तासाभराने मालक स्वतः बाहेर आला आणि "दोघंबी या आत," म्हणाला. त्यानंतर त्या गोष्टीचा उच्चार दोघांनीही कधी केला नाही. भीमरत्नच्या घरी मात्र त्याच्या बायकोपासून मुलीपर्यंत सगळ्यांना ती पाठ होती.

दुसऱ्या दिवशी भीमरत्न शेडच्या मागं अर्थिंगचा खड्डा काढत होता. रवळूआण्णा सागाची फळी निवडायला भरमूबरोबर निपाणीला गेले होते. शालूबाई पाटीतून खडेमीठ घेऊन आली आणि खड्ड्याच्या काठावर बसली. खड्ड्यात कोळशाचा एक थर, मिठाचा एक थर, मधे तांब्याची पट्टी, असं भीमरत्न रचत होता. ती मीठ पुढं करत राहिली.

"भावा, एक मागणं हाय," ती म्हणाली.

"बोला की आक्का."

"लाइट दे. पंखा दे. त्या मशीनला तेवढी वीज देऊ नगंस."

भीमरत्नने वर बघितलं.

"शिमग्याला कटरवर हात गेलता त्यांचा," ती सांगू लागली. "सदऱ्याची बाही फाटून गेली आणि दोन बोटांची साल निघाली. घरी मला सांगितलं, खिळा लागला. त्यांच्या जोडीदारानं खरं सांगितलं. मग बेळगावला नेलं मोठ्या डॉक्टरकडं. कंपवात म्हणाला. गोळ्या दिल्या, पर हे वाढतच जाणार म्हणाला. मशीनला हात लावू द्यायचा न्हाय म्हणाला. हे सगळं माझ्याकडं बघून बोलत हुता बघ तो डॉक्टर. ह्यांच्याकडं त्यानं बघितलंच न्हाय."

"मग आण्णांना तसं सांगा की."

"सांगितलं न्हाय व्हय? मशीनं इकून टाकूया म्हटलं, तर तीन दिवस भिंतीकडं तोंड करून निजले. जेवले न्हाईत. शेड बांधूया म्हटलं आणि उठून बसले. आता चार भाकरी खात्यात. गाणं म्हणत्यात आंघोळीला." तिने पदराने तोंड पुसलं. "मला रात रात झोप न्हाय, भावा. पातं दिसतंय डोळ्यापुढं. तू तारा सगळ्या घाल. डबे लाव. फकस्त त्यात वीज नगं."

भीमरत्नने कोळशाचा थर पायाने दाबला.

"आक्का, मी आजपातूर मेलेली लाइन कुणाच्या भिंतीत घातली न्हाय."

"ठाऊक हाय मला. म्हणून तर तुला म्हणायलेय. दुसऱ्याचं ते ऐकणार न्हाईत."

त्याने खड्डा बुजवला, वरून दोन घागरी पाणी ओतलं. मिठाचं पाणी जमिनीत मुरताना बुडबुडे येत होते. त्याला कालच्या तीन फुल्या दिसत होत्या आणि निपाणीतल्या त्या घराच्या पायरीवर गोणपाट मांडीवर घेऊन बसलेला माणूसही. त्या माणसाला फसवायचं, आणि तेही त्याच्याच भल्यासाठी. भीमरत्नला मनापासून रडू आलं. पण पन्नाशी उलटलेल्या माणसाने दुसऱ्याच्या परसात बसून रडायचं कसं, म्हणून त्याने आणखी एक घागर ओतली.

तोड त्याला संध्याकाळी सुचली, आणि ती सुचल्याबद्दल त्याला स्वतःचाच राग आला. घरच्या मीटरवर एवढं मशीन चालवायचं तर लोड वाढवून घ्यावा लागतो आणि त्याला अर्ज करावा लागतो. हे खरंच होतं. त्याने वीज कंपनीचा कानडीतला फॉर्म आणला, कट्ट्यावर बसून स्वतः भरला आणि रवळूआण्णांपुढे ठेवला.

"सही करा. ह्यो मंजूर झाला की मशीनची लाइन जोडतो. तवर लाइट-पंखा चालू करून देतो."

"किती दिस लागतील?"

"सांगता येत न्हाय, आण्णा."

रवळूआण्णांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि सही केली. सहीला बराच वेळ लागला. भीमरत्नने अर्जाची घडी घालून हत्यारांच्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि ती तिथेच राहिली.

सागवानी बोर्डाला अकरा दिवस लागले. एके काळी रवळूआण्णा दिवसाला चार करायचे. पण दोन्ही हातांनी रंधा दाबून धरला की हाताची थरथर कमी व्हायची, हे त्यांना कळलं होतं, आणि ते तासन् तास रंधा मारत बसायचे. भीमरत्न मधून मधून यायचा, पाइप घालायचा, तारा ओढायचा. सर्वपित्री अमावस्येला तो आला तर शेड बंद होती आणि रवळूआण्णा कट्ट्यावर तंबाखू चोळत बसले होते. "आज हत्याराला हात लावत न्हाईत, इसरलास व्हय?" म्हणाले. भीमरत्न तो नेम विसरला नव्हता. तारीख विसरला होता.

बोर्ड झाला तेव्हा त्यांनी तो धोतराच्या सोग्याने पुसून भीमरत्नच्या हातात दिला. भीमरत्नने तो भिंतीवर धरून वर लेव्हल ठेवली. बुडबुडा मध्याला आला नाही, उजवीकडे सरकून थांबला. रवळूआण्णा त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"बराबर हाय," भीमरत्न म्हणाला आणि लेव्हल पिशवीत टाकली.

बोर्ड लागला. बटण दाबलं आणि शेडमध्ये लख्ख उजेड पडला. शालूबाई दारात उभी राहून म्हणाली, "लगीनघरासारखं दिसायलंय." शेवटचं काम कटरचं होतं. भीमरत्नने तिन्ही फुल्यांवर तीन डबे लावले आणि प्रत्येकात बंद करायचं एकेक लाल बटण बसवलं. तिन्हींतलं कुठलंही दाबलं तरी मशीन थांबावं, अशी तार फिरवली. काम चोख केलं. मग मेन डब्यात, जिथे ही सगळी लाइन येऊन मिळायची होती, तिथे त्याने तारेची दोन्ही टोकं न जोडताच टेपने गुंडाळली, पुढंमागं जोडायला म्हणून वीतभर जास्त ठेवली आणि झाकण लावलं.

खंडेनवमीला रवळूआण्णांनी गल्ली बोलावली.

शेड सारवून घेतली होती. मशीनं धुऊन पुसून त्यांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. रंधे, काटकोनाचा गुण्या, पटाश्या, करवती एका पाटावर ओळीने मांडल्या होत्या, आणि पाटाच्या कडेला भीमरत्नची पक्कडही होती. ती रवळूआण्णांनी मागून घेतली होती. भीमरत्न ही पूजा करत नसे. त्याच्या घरी ती पद्धत नव्हती, आणि रवळूआण्णांनाही ते ठाऊक होतं. तो नेहमीसारखा दाराशी उभा राहिला. पक्कड मागितल्यावर मात्र त्याने ती दिली, कारण हत्याराचा मान कुणीही केला तरी हत्याराला चालतो, असं त्याला वाटलं. रवळूआण्णांनी नवा सदरा घातला होता. हळदकुंकू लावताना त्यांचं बोट हलत होतं आणि कटरच्या पात्यावर कुंकवाचा टिळा लांबट झाला. सगळ्यांना खोबरं-गूळ मिळाला. लोक मशीनांभोवती फिरून बटणं बघत होते.

"एकाच मशीनला तीन बटणं कशाला, आण्णा?" भरमूने विचारलं.

"रत्नाला इचार. त्यानं लावल्यात."

"ते असू द्या. चालू करून दावा की! बटण दाबा, आवाज तरी ऐकूया."

"व्हय, व्हय, दावा," दोघातिघांनी धरलं.

शालूबाईच्या हातातलं खोबऱ्याचं ताट वाजलं. भीमरत्नला पुढचं दिसायला लागलं. मंजुरी यायची आहे हे भरात विसरून म्हातारा एवढ्या माणसांत बटण दाबणार, मशीन हूं की चूं करणार नाही, मग कुणीतरी मेन डबा उघडणार आणि अर्जाचं काय झालं ते विचारणार. मंजुरीची सबब सांगायला भीमरत्न पुढे सरकला, तोवर रवळूआण्णा कटरपाशी गेले. चालू करायच्या हिरव्या बटणावर हात ठेवला. हात तिथे थरथरत राहिला आणि सगळी शेड त्या हाताकडे बघत राहिली.

मग त्यांनी हात काढून घेतला.

"आज न्हाय," ते म्हणाले. "आज खंडेनवमी हाय. पूजा केलेलं हत्यार आज चालवत न्हाईत."

"मोठ्या कारखान्यात तर पूजा झाली की लगेच बटण दाबत्यात," भरमू म्हणाला.

"त्यो कारखाना. हे माझं घर हाय." एवढं बोलून त्यांनी भरमूच्या हातावर आणखी एक गुळाचा खडा ठेवला आणि विषय संपला.

लोक गेले. शालूबाई ताटं घेऊन आत गेली. भीमरत्न पक्कड घ्यायला पाटाजवळ वाकला, तेव्हा रवळूआण्णा स्टुलावर बसत म्हणाले, "बस जरा."

तो बसला.

"अर्ज दिलाच न्हाईस न्हवं?"

भीमरत्नने मान खाली घातली.

"बोर्ड लावायच्या आदल्या दिवशी तुझ्या पिशवीतनं स्क्रू घेतला मी. तवा दिसला. म्हटलं बघूया काय लिवलंय. कानडी मला वाचाय येत न्हाय. सही तेवढी बघितली." त्यांनी आपला उजवा हात मांडीवर ठेवला आणि त्यावर डावा ठेवला. "मुंगी शाईत पडून कागदावरनं चालत गेल्यागत दिसत हुती. मी म्हटलं, ही कुणाची सही? मग म्हटलं, रत्नानं बरं केलं."

"आण्णा, चुकलं माझं."

"न्हाय चुकलं."

"जोडतो मी. आत्ता जोडतो." भीमरत्न उठलाच. "तार जास्त ठेवलीया. पाच मिनिटांचं काम हाय. तुम्ही एकदा चालवा, मी हिकडं बटणापाशी थांबतो. एकदाच चालवा, आण्णा. तुमच्या शेडात, तुमच्या हातानं."

रवळूआण्णांनी कटरकडे बघितलं. झेंडूची माळ पात्यावरून खाली आली होती, ती त्यांनी सारखी केली. त्यांना ते हवं होतं, इतकं हवं होतं की त्यांचे डोळे भरून आले, आणि भीमरत्नने ते बघितलं.

"आज खंडेनवमी," ते म्हणाले.

"मग उद्या येतो."

"उद्या तुझ्या विहारात कार्यक्रम असतोय. दीक्षेचा दिवस न्हवं? उद्या तू कसा येशील?"

"परवा येतो."

"परवाचं परवा बघू." मग आवाज खाली आणून म्हणाले, "एक काम कर. शालूनंच सांगितलं असणार तुला. तिला कळू देऊ नगंस मला ठाऊक हाय म्हणून. तारेला वीज न्हाय म्हणून लागलीया तिला झोप. घोरतीया. पाच-सहा म्हयन्यांत पैल्यांदाच. झोपू दे."

भीमरत्नने पिशवी उचलली. दारापर्यंत गेल्यावर मागून हाक आली.

"रत्ना, मी चेष्टा केलती रं. तिन्ही ठिकाणी लाव म्हणून. खरंच कशाला लावलीस?"

"तुम्ही सांगितलं म्हणून," भीमरत्न म्हणाला.

परवाचा विषय मग कुणी काढला नाही. दिवाळी गेली. अर्ज भीमरत्नच्या पिशवीतच राहिला. घडीच्या रेघेवर तो फाटायला आला होता, पण त्याला तो फेकवत नव्हता.

कार्तिक सरता सरता अकोळला एका घरी पंपाचा स्टार्टर बघायला तो गेला होता. काम उरकून निघताना दिवस मावळला होता. सवयीने त्याची गाडी रवळूआण्णांच्या दाराशी थांबली. शालूबाई सोप्याला लागून असलेल्या चुलीपाशी भाकरीचं पीठ मळत होती. "ये भावा," म्हणाली. "मागं हाईत. बस, येतील आता."

तो परसाकडच्या खिडकीशी जाऊन उभा राहिला. शेडमध्ये उजेड होता. कटर, रंध्याचं मशीन आणि लेथ पुसून लख्ख केलेली होती, बेअरिंगना तेल दिलेलं होतं, आणि जमिनीवर मशीनच्या भुश्याचा कणही नव्हता. कोपऱ्यातल्या बाकावर रवळूआण्णा दोन्ही हातांनी हातरंधा दाबत होते. समोर सागाची एकच फळी होती. तीच फळी ते रोज रंधत असावेत, कारण ती कागदासारखी पातळ झाली होती आणि तिचं काही होण्यासारखं राहिलं नव्हतं. खाली सालपटांचा लहान ढीग होता.

मग ते थांबले. फळी भिंतीला उभी केली. सालपटं पाटीत भरली. रंधा उलटा करून फडक्याने पुसला आणि जागेवर ठेवला. एक्केचाळीस वर्षं दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये संध्याकाळी जे जे करत आले होते ते सगळं त्याच क्रमाने केलं. शेवटी कटरपाशी गेले. वरचं लाल बटण दाबलं, मग मधलं, मग गुडघ्यात वाकून खालचं. बंद असलेल्या मशीनला त्यांनी तीनदा बंद केलं. खिडकीपर्यंत आवाज आला. टक. टक. टक.

"आले बघ," चुलीपाशी शालूबाई म्हणाली. "तीन बटणं वाजली की मी तवा ठेवते. मंजुरीची वाट बघत्यात. अर्ज दिलाच न्हाय हे त्यांना अजून कळलेलं न्हाय. एवढं एक बरं हाय."

भीमरत्न खिडकीपासून बाजूला झाला. शेडमधला दिवा गेला, कडी लागली, आणि अंधारातून पावलं घराकडे यायला लागली. शालूबाईने तव्यावर भाकरी टाकली.